शांताक्कांची मोजणी

शांताक्का घाबरट आहेत, असं मत मी नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात करून टाकलं. मत खरंच होतं. फक्त घाबरटपणा हा त्यांचा दोष आहे, असं मी धरून चाललो होतो, आणि माझी ही चूक एका सात वर्षांच्या मुलीला भोवता भोवता राहिली.

बंगळूरच्या जे. पी. नगरमध्ये एका ट्रस्टचं छोटं केंद्र आहे. थॅलॅसेमियाची मुलं तिथं येतात. या मुलांच्या अंगात पुरेसं रक्त तयार होत नाही, म्हणून दर तीन आठवड्यांनी बाहेरून चढवावं लागतं. नऊ खाटा, नोंदलेली मुलं एकशे सेहेचाळीस. मी तिथं आकडेवारी आणि अहवाल बघतो. मुलांच्या नोंदी सांभाळायच्या शांताक्का. माझ्या समोरच्याच टेबलावर त्या बसायच्या, पण खुर्ची दाराच्या बाजूला. आग लागली तर पहिली बाहेर पडेन म्हणून नव्हे. आग लागली तर कपाटातली नोंदींची पानं घेऊन बाहेर पडता यावं म्हणून. हे त्यांनी मला गंभीर चेहऱ्यानं सांगितलं होतं.

त्या जुन्या पेटेतल्या, म्हणजे शहराच्या जुन्या बाजारभागातल्या. त्यांच्या घराण्याला बंगळूरला येऊन किती पिढ्या झाल्या हे त्यांनाही सांगता येत नसे. वडिलांचं शिंपीकाम होतं. घरात मराठी, पण अशी की सांगलीहून आलेल्या मला पहिले सहा महिने निम्मीच कळायची. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठ्या असून मला अण्णा म्हणायच्या. मी अक्का म्हणायचो. उंची जेमतेम पाच फूट, सुती साडी, अंबाड्यावर अबोलीचा बोटभर तुकडा, आणि ओठ सतत हलते. जप करतात असं मला वाटायचं. त्या मोजत असत. जिन्याच्या पायऱ्या, खाटा, फ्रिजमधल्या रक्ताच्या पिशव्या. बस येताना दिसली की आधी तिच्यावरचा नंबर बघायच्या, मग ड्रायव्हरचा चेहरा. चेहरा झोपाळू वाटला तर ती बस सोडून द्यायच्या.

पहिल्याच दिवशी सकाळी मी मुलांच्या नोंदींची फाईल उघडली आणि एका मुलाचं वजन दुरुस्त करू लागलो. मागून आवाज आला.

"अण्णा, लोटा तुमच्याकडे आहे?"

"मी अजून कॉफी घेतली नाही," मी म्हणालो.

वॉर्डच्या पुष्पा सिस्टर दारात उभ्या होत्या, त्या हसू लागल्या. शांताक्का हसल्या नाहीत. "हात उचला," त्या म्हणाल्या. "कीबोर्डावरून आधी हात उचला."

मी उचलले. पोलिसांनी सांगितल्यासारखे, दोन्ही.

लोटा म्हणजे इथला कॉफीचा स्टीलचा पेला. आमच्याकडे त्याचं काम वेगळं होतं. सगळ्या मुलांच्या नोंदी एकाच डेटाबेसमध्ये, आणि तो डेटाबेस म्हणजे एकच फाईल. ती शांताक्कांच्या कॉम्प्युटरवर ठेवलेली. त्यांचं टेबल, माझं, लॅबमधलं, वॉर्डातलं आणि डॉक्टरबाईंच्या खोलीतलं, अशी पाच टेबलं नेटवर्कवरून तीच फाईल उघडत. दोघांनी एकाच वेळी लिहिलं, किंवा लिहिता लिहिता नेटवर्क डोळा मिचकावून गेलं, की फाईल बिघडण्याचा धोका. म्हणून शांताक्कांनी नियम केला होता: लोटा ज्याच्या टेबलावर, त्यानंच लिहायचं. बाकीच्यांनी फक्त बघायचं. लिहून झालं की उठायचं आणि लोटा पुढच्याला नेऊन द्यायचा. दिवसभर तो पेला पाच टेबलांवर फिरत असे. "लोटा लॅबमध्ये," "लोटा दे गं," ही आमच्या केंद्रातली सगळ्यात जास्त बोलली जाणारी वाक्यं होती.

दुसरा नियम सकाळच्या हाकेचा. काही मुलांच्या नावापुढे एक सूचना असे. कुणाला अमुक औषध चालत नाही, कुणाचं हृदय कमजोर म्हणून रक्त अगदी सावकाश सोडायचं. रक्त सुरू करण्याआधी लॅब आणि वॉर्ड दोघांनी ही सूचना वाचायची. रोज पहिलं मूल खाटेवर चढण्याआधी शांताक्का बोळात उभ्या राहून विचारायच्या, "सूचना किती?" पाचही टेबलांवरून आकडा यायचा. पाचही सारखे आले की "सरी", म्हणजे ठीक, म्हणायच्या, आणि दिवस सुरू व्हायचा. शिवाय दर शनिवारी सूचनांचं पान छापून कपाटात.

लॅबचा नागराज त्यांना चिडवायचा. "अक्का, फाईल एकच आहे. आकडा वेगळा येईल कसा?"

"वेगळा येईल तेव्हा विचारून काय उपयोग? म्हणून आधीच विचारते."

एका शुक्रवारी व्हायचं ते झालंच. नागराज लिहीत असताना दिवे क्षणभर गेले आणि आले. फाईल उघडेना. नऊ खाटांवर नऊ मुलं, आणि कुणाची सूचना कुणालाच दिसत नव्हती. मी तीच फाईल पुन्हा पुन्हा उघडून बघत होतो. शांताक्कांनी कपाट उघडलं, गेल्या शनिवारचं पान सिस्टरांच्या हातात दिलं, आठवड्यातल्या दोन नव्या सूचना त्यांच्या तोंडपाठ होत्या त्या पानावर लिहिल्या, आणि मग आदल्या संध्याकाळची प्रत घेऊन दुरुस्तीला बसल्या. एक तास पन्नास मिनिटं लागली.

त्यानंतर मी ट्रस्टला सुचवलं, की फाईलचे दोन भाग करू. सगळ्या नोंदींचे तक्ते एका मागच्या फाईलमध्ये, ती एकाच जागी. पाचही टेबलांवर पुढची फाईल, तिच्यात फक्त बघायचे आणि भरायचे फॉर्म, मागच्या फाईलला जोडलेले. एखाद्याची पुढची फाईल बिघडली तर त्याला नवी प्रत द्यायची. नोंदींना धक्का नाही. लोटा फिरवायलाही नको.

शांताक्कांनी नीट ऐकून घेतलं. "म्हणजे मापाची वही आत, आणि बाहेर बसणाऱ्यांना खिडकी."

"बरोबर. खिडकी."

"आमच्या अप्पांकडे तीन कारागीर होते. मापाची वही एकच, ती अप्पांच्या गादीखाली. एकदा एका कारागिरानं घरी न्यायला चिठ्ठीवर माप उतरवून घेतलं. मध्येच गिऱ्हाईक येऊन माप वाढवून गेलं, अप्पांनी वहीत केलं. चिठ्ठीला काय ठाऊक? नवरदेवाचा कोट पोटावर बसेना, मुहूर्त टळायला आला." त्या हसल्या नाहीत. "खिडकीतून आतलीच वही दिसेल ना, अण्णा? बाहेर कुणी चिठ्ठी तर करून ठेवत नाही?"

"नाही अक्का," मी म्हणालो. "चिठ्ठी नाही."

रविवारी सकाळी मी काम काढलं. शांताक्का आपणहून आल्या, डब्यात सगळ्यांपुरती अवलक्की, म्हणजे पोहे, घेऊन. सगळे म्हणजे आम्ही दोघंच. दुपारी एकपर्यंत फाईल दुभंगून झाली. प्रत्येक तक्त्यातल्या नोंदी मोजून मी जुळवल्या. एकही कमी-जास्त नव्हती. तिथंच थांबायला हवं होतं.

पण मला एक सुधारणा सुचली. सूचना आतापर्यंत मुलाच्या कार्डावर एका रकान्यात लिहिलेली असे. काही मुलांना दोन-दोन सूचना असल्यानं ती दाटीवाटीनं बसायची. मी सूचनांचा वेगळा तक्ता केला. सगळ्या अडतीस सूचना त्यात उतरवल्या, पुन्हा मोजल्या, जुना रकाना काढून टाकला, आणि पुढच्या फाईलच्या प्रती पाच टेबलांवर ठेवल्या. माझ्या लक्षात आलं नाही ते एवढंच: नवा तक्ता करताना मी पुढच्या फाईलमध्ये बसलो होतो. तो तिथंच तयार झाला आणि तिथंच राहिला. मागच्या फाईलमध्ये तो गेलाच नाही. पाच प्रती केल्या तेव्हा त्याच्याही पाच झाल्या. वजन, तारीख, रक्तगट सगळं आतल्या वहीतलं. सूचना तेवढ्या पाच टेबलांवर पाच चिठ्ठ्या.

सोमवारी सकाळी शांताक्कांनी हाक दिली. पाचही ठिकाणांहून आलं, "अडतीस." येणारच होतं.

मी म्हणालो, "अक्का, आता हाकेची गरज नाही. पाचही टेबलं एकाच जागचं बघतात. सकाळची दहा मिनिटं वाचतील."

माझा स्वर चांगला होता, त्यात कुचेष्टा नव्हती. नागराजनं टाळी वाजवली. शांताक्कांनी माझ्याकडे बघितलं, "सरी" म्हणाल्या, लोटा धुतला, पुसला आणि खणात ठेवून दिला.

दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी त्या माझ्या टेबलाशी आल्या. हातात दोन पानं. त्यांनी ती खिडकीच्या काचेवर एकावर एक धरली. बाहेरच्या उन्हात दोन्ही पानांवरची अक्षरं दिसत होती, पण एकाच पानासारखी. ओळीवर ओळ बसली होती.

"गेल्या शनिवारचं आणि या शनिवारचं," त्या म्हणाल्या. "आठवड्याला दोन तरी सूचना वाढतात, अण्णा. दोन आठवडे झाले, एक नाही. एवढी बरी झाली का मुलं?"

मी आकड्यांचा माणूस. घरी दुधाच्या पिशव्यांचा हिशेब न लागला तर मला झोप येत नाही. तो न हलणारा आकडा आधी मलाच खटकायला हवा होता. मी म्हणालो, "नसतील आल्या. योगायोग असतो."

चौथ्या सोमवारी त्या पुन्हा आल्या. या वेळी तीन पानं. मी अहवालात होतो. "अक्का, उद्या बघतो," मी न वळता म्हणालो. त्या थोडा वेळ मागं उभ्या होत्या. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता.

मंगळवारी सकाळी मी आलो तेव्हा शांताक्का खुर्चीत नव्हत्या. खण उघडा होता. लोटा नव्हता.

त्या वॉर्डात होत्या, मधोमध, दोन्ही हातांनी लोटा छातीशी धरून. "सिस्टर, थांबवा. एकाही मुलाला सुरू करायचं नाही."

"अय्यो अक्का, नऊ मुलं आहेत! डॉक्टरबाई ओरडतील."

"ओरडू देत. सूचना किती तुमच्याकडे?"

सिस्टरांनी सुस्कारा सोडला, स्क्रीनकडे बघितलं. "चाळीस."

"अण्णा, तुमच्याकडे?"

मी आमच्या खोलीत पळत गेलो. "अडतीस," मी तिथूनच ओरडलो. त्यांच्या कॉम्प्युटरवरही अडतीस. लॅबमधून नागराज म्हणाला, "एकोणचाळीस." या वेळी तो हसत नव्हता. डॉक्टरबाईंच्या खोलीतून आलं, "एकेचाळीस. काय चाललंय?"

अडतीस, अडतीस, एकोणचाळीस, चाळीस, एकेचाळीस. पाच टेबलं, चार आकडे. मला एका क्षणात सगळं कळलं. लॅबमध्ये एक, वॉर्डात दोन, डॉक्टरबाईंकडे तीन. सहा सूचना लिहिल्या गेल्या होत्या आणि ज्याच्या त्याच्या टेबलावर पडून होत्या. कोणत्या सहा मुलांच्या? त्यातलं आज कोण आलं होतं?

"चिठ्ठ्या," मी म्हणालो. "अक्का, चिठ्ठ्याच झाल्यात."

त्यांनी मला एक शब्द बोलून दाखवला नाही. "वाचायला लावा," एवढंच म्हणाल्या. "प्रत्येकानं नवीन तेवढ्या मोठ्यानं वाचा."

लॅबमधली एक वाचली; ते मूल आज नव्हतं. वॉर्डातल्या दोन, तीही नव्हती. मग डॉक्टरबाई दारात आल्या आणि आपल्या तीन वाचू लागल्या. तिसरं नाव भूमिका. तीन आठवड्यांपूर्वी रक्त सुरू झाल्यावर चेहरा सुजला, धाप लागली; यापुढे हिला प्लाझ्मा काढून धुतलेलंच रक्त द्यावं.

भूमिका चार नंबरच्या खाटेवर होती. सात वर्षांची, पाय हलवत बसलेली. स्टँडला पिशवी लागलेली, हाताला सुई लावलेली, नळी तोंडापर्यंत लाल भरलेली. फक्त नळीवरचं चाक अंगठ्यानं खाली करायचं राहिलं होतं. पिशवीवरच्या चिठ्ठीवर धुतल्याचा शिक्का नव्हता. लॅबला ती सूचना दिसली नव्हती, म्हणून त्यांनी साधी पिशवी पाठवली. वॉर्डला दिसली नव्हती, म्हणून त्यांनी लावली. मागच्या वेळी तिला त्रास झाला त्या दिवशी पुष्पा सिस्टर रजेवर होत्या, आणि मुलीबरोबर आई होती. आज बाप होता.

"मी लिहिलं होतं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "मी त्याच दिवशी लिहिलं होतं."

"एनायतु?" बापानं विचारलं. काय झालं? तो उठून उभा राहिला होता आणि आम्हा सगळ्यांच्या तोंडाकडे आळीपाळीनं बघत होता.

शांताक्का पुढं झाल्या. लोटा खाटेवर ठेवला, भूमिकाच्या पायावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "एनू इल्ला. हेदरबेडी." काही नाही. घाबरू नका. आठ वर्षांत त्यांच्या तोंडून हे शब्द मी त्या एकदाच ऐकले.

सिस्टरांनी नळी काढली. धुतलेली पिशवी यायला सव्वादोन तास लागले. तेवढा वेळ भूमिका त्या लोट्याशी खेळत होती. तो डोळ्याला लावून छत बघत होती. मी बोळात उभा राहून तिचे श्वास मोजत होतो. मोजण्याचं काही कारण नव्हतं, तिला काहीच झालं नव्हतं.

मी त्या दिवशी ट्रस्टला लेखी कळवलं: चूक माझी, ती अशी झाली, लक्षात शांताक्कांनी आणून दिली. सूचनांचा तक्ता मागच्या फाईलमध्ये हलवला, सहाही सूचना त्यात घातल्या. चव्वेचाळीस. पाचही जण एकेक वाचत गेले आणि शांताक्का पानावर खुणा करत गेल्या. दुसऱ्या दिवशीपासून हाक पुन्हा सुरू झाली. लोटाही परत आला. आता तो लिहिण्यासाठी नव्हता. पुढच्या फाईलची नवी प्रत केली, की लोटा पाचही टेबलांवरून फिरायचा, प्रत्येकानं आपला आकडा सांगायचा, आणि तो फिरून परत येईपर्यंत एकही मूल खाटेवर चढायचं नाही. नागराज आता स्वतः उठून लोटा पोचवायचा.

त्या मंगळवारी संध्याकाळी आम्ही दोघं बसस्टॉपवर उभे होतो. दोन बस आल्या, गेल्या. त्यांनी ड्रायव्हरकडे बघितलंसुद्धा नाही.

"अक्का, तुम्ही दोनदा सांगितलंत. मी ऐकलं नाही."

"तिसऱ्यांदा सांगायला लाज वाटली," त्या म्हणाल्या. "काल तुमच्या मागं उभी होते. म्हटलं, हे शिकलेले, मी शिंप्याची पोर. पुन्हा बोलले तर म्हणतील म्हातारी भित्री आहे. रात्रभर मग स्वतःला शिव्या दिल्या." मग त्या म्हणाल्या, "कॉम्प्युटरच्या आधी कार्डं होती आपल्याकडे. एकाच नावाच्या दोन मुली. मी कार्ड काढून दिलं. नाव बघितलं, बापाचं नाव नाही बघितलं. दुसरीचं रक्त हिला चढलं. तीन दिवस ती पोर मोठ्या हॉस्पिटलात होती. वाचली. पण त्या सकाळी, अण्णा, मला काहीच भय वाटलं नव्हतं. गाणं म्हणत होते मी."

पुढची बस आली. त्यांनी नंबर बघितला, ड्रायव्हर बघितला, आणि चढल्या.

गेल्या वर्षी त्या निवृत्त झाल्या. निरोपाच्या दिवशी केक, शाल, फोटो. भूमिका आली होती. आता उंच झाली आहे, तिनं त्यांना अबोलीचा गजरा दिला. त्यांनी लोटा माझ्या टेबलावर ठेवला. मी त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेलो. रिक्षा उभी होती. शांताक्कांनी आधी रिक्षावाल्याचा चेहरा बघितला, मग बसल्या. रिक्षा सुरू झाली, आणि थांबली. त्यांनी डोकं बाहेर काढलं.

"अण्णा, आज सूचना किती?"

"एकसष्ट," मी म्हणालो. सकाळी माझ्या स्क्रीनवर बघितलं होतं.

"बाकी चार टेबलांवर?"

निरोपाच्या गडबडीत त्या दिवशी हाक झालीच नव्हती. त्यांनी रिक्षावाल्याच्या खांद्याला हात लावला. "स्वल्प थांबा," त्या त्याला म्हणाल्या, आणि रिक्षातच ताठ बसून राहिल्या. त्यांचा हात रिक्षेच्या दांडीवर होता. रोज त्या हातात लोटा असायचा, नाहीतर पान, नाहीतर पेन. रिकामा मी पहिल्यांदाच बघत होतो.

मी आत पळालो. लॅब, वॉर्ड, डॉक्टरबाई, आणि शेवटी त्यांची रिकामी खुर्ची बाजूला सारून त्यांचा कॉम्प्युटर. धापा टाकत फाटकाशी परत आलो.

"एकसष्ट. पाचही ठिकाणी, अक्का. एकसष्ट."

"सरी," शांताक्का म्हणाल्या, आणि रिक्षा निघाली.